गरवणाऱ्याची वही

नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

काल संध्याकाळी बंदरावर समुद्राला नारळ दिला आणि आज सकाळी गऱ्यांचा डबा माळ्यावरून खाली काढला. घट्ट झाकण, आत तेलाचं फडकं, तरी खारी हवा आत पोचलीच. अकरा गऱ्या गंजल्या होत्या. पूर्वी त्या दगडावर घासून परत वापरायचो. आता नाही. गंजकी गरी ऐन ओढीच्या वेळी तुटते आणि तिचा तुकडा तोंडात घेऊन तांबोशी निघून जाते. तंगूस बोटांतून ओढत नेला, नखाला जिथं खरखर लागली तिथं कापला. कापलेले तुकडे बरणीत टाकले.

यांत्रिक नौकांची बंदी ३१ जुलैला उठली. १ जूनपासूनचे एकसष्ट दिवस संपले. पण तारीख बदलली म्हणून पाणी बदलत नाही. खाडीच्या तोंडावर लाट अजून उभी राहून फुटते. तळाची वाळू दोन महिन्यांत कुठची कुठे गेलेली असते, मे महिन्यात होडी जिथून बाहेर काढायचो तिथं आता गुडघाभर पाणी असेल. पर्यटकांच्या होड्या आणि किल्ल्याच्या फेऱ्या ३१ ऑगस्टपर्यंत बंदच असतात. छोट्या होडीच्या हौशी माणसानं तीच तारीख आपली मानावी. तोवर खाडीच्या आत, माडाच्या सावलीत बसून गरवावं. सुंगटं ताजी मिळतात, काळुंद्र आणि पालू लागतात, घरच्या कालवणापुरतं होतं.

श्रावण वद्य

वाळूवर निळे फुगे आलेत. अंगठ्याएवढा काचेसारखा फुगा, त्याखाली निळ्या दोऱ्यांचा गुंता. ब्लूबॉटल. पावसाळी वारा यांना उघड्या समुद्रातून किनाऱ्यावर लोटतो. २०१८ च्या ऑगस्टात मुंबईच्या चौपाट्यांवर यांनी बऱ्याच जणांना पोळून काढलं होतं. सुकून पडलेला फुगासुद्धा चावरा असतो, म्हणून मुलांना काठीनंही डिवचू देऊ नये. अंगाला लागलाच तर चोळायचं नाही, वाळू फासायची नाही. समुद्राच्याच पाण्यानं दोऱ्या धुऊन काढायच्या, उरलेल्या चिमट्यानं, आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बराच वेळ बुडवून ठेवायचा. शेंगटीचा काटा किंवा वागळीची नांगी लागली तरी पहिला उपाय गरम पाण्याचाच. श्वास जड झाला किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना.

भाद्रपद

गणपतीच्या दिवसांत खडपावर बसलं की एक गोष्ट दरवर्षी दिसते. मासा वरच्या पाण्यात आणि किनाऱ्याच्या अंगाला गोळा झालेला असतो. शिसं बांधून गरी तळाला सोडली तर तासन् तास हालचाल नाही, बूच लावून हातभर खाली ठेवली की लगेच ओढ. माझे वडील म्हणायचे, या दिवसांत खालचं पाणी ‘मेलेलं’ असतं. पुढं गोव्याच्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कामाविषयी वाचलं आणि वडिलांचा शब्द किती नेमका होता ते कळलं. पावसाळ्यात खोलातलं गार पाणी किनाऱ्याच्या उथळ भागावर चढून येतं. त्यात खत भरपूर, पण प्राणवायू कमी. वर नद्यांचं गोडसर, हलकं पाणी पसरलेलं, त्याचं झाकण बसतं. खाली कुजणारं सगळं उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे टोकाला जातं आणि नंतर वारे फिरले की पाणी निवळतं.

मासा असा वर कोंडलेला असतो तेव्हा गरवणं सोपं होतं. सोपं होतं म्हणून पिशवी भरेस्तोवर बसायचं का, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. चार मासे झाले की मी उठतो.

तिथीचं गणित

शहरातून आलेला भाचा मोबाइलवर भरतीची वेळ बघत होता आणि रेंज नव्हती. त्याला घरचं गणित शिकवलं. तिथीला तीननं गुणायचं, चारानं भागायचं, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, दिवसाची असो की रात्रीची. पाच-पंधरा मिनिटं इकडंतिकडं, उत्तरेला जावं तसा थोडा जास्त फरक, पण अडत नाही. वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते, हे सगळं त्या गणितातच आलं.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर चढते. आमच्याकडे पाणी तितकं चढत नाही, पण खाडीच्या अरुंद तोंडातून त्याला जी ओढ लागते ती पोहणाऱ्याच्या हाताबाहेरची असते. गरवायला सगळ्यात चांगला वेळ भरती संपून सुकती लागताना. पाणी क्षणभर थबकतं, मग कांदळवनातून परत निघतं, त्याबरोबर सुंगटं, बोयांची पिल्लं बाहेर येतात आणि तोंडावर तांबोशी, गोबरे वाट बघत असतात. हाच वेळ होडी उलटण्याचाही. उतरतं पाणी बाहेर चाललेलं आणि समोरून वारा लाट आत ढकलतोय, अशा वेळी तोंडावर पाणी डोंगरासारखं उभं राहतं. अशा वेळी आत यायची घाई करू नये. बाहेर थांबावं, नांगर टाकावा, भरती लागू द्यावी. दोन तास उशीर झाल्यानं घरी बोलणी बसतात, तेवढंच.

आश्विन

रापणीवर हात लावायला गेलो होतो. दोन्ही बाजूंनी माणसं, पायाखाली वाळू सरकतेय, जाळं हळूहळू उथळात येतंय. जाळ्यात तारली होती, थोडे बांगडे आणि वीस-पंचवीस शेंगट्या. मुंबईकडे जिला शिंगाळा म्हणतात ती. वाळूवर ओतल्यावर एका शेंगटीनं तोंड उघडलं आणि आतून अंडी घरंगळली. खेळायच्या गोट्यांएवढी, पिवळसर. हातावर एक घेतलं तर आत बारीक काळे डोळे हलत होते.

शेंगटीचा नर अंडी तोंडात उबवतो. मादीनं घातली की तो ती तोंडात घेतो आणि पिल्लं फुटून पोहायला लागेस्तोवर तोंड जपून ठेवतो. तेवढे दिवस तो खात नाही. म्हणून आमच्या गरीला असा नर लागत नाही, आमिष नाकासमोर नाचवलं तरी तो तोंड उघडणार नाही. जाळ्याला मात्र ते कळत नाही. एकेका नराच्या तोंडात काही डझनच अंडी असतात. बाकीचे मासे लाखांनी अंडी सोडतात, याची गणतीच मोजकी. असा थवा मोठ्या जाळ्यात सापडला की बाप आणि पुढची पिढी एका ओढीत संपते.

जिवंत दिसल्या त्या शेंगट्या आम्ही शेपटीकडून धरून पाण्यात नेऊन सोडल्या. काट्याला जपून. वाळूवर पडलेली अंडी ओंजळीनं गोळा करून टाकली, पण बापाच्या तोंडाबाहेर ती जगत असतील असं वाटत नाही.

दिवाळीच्या आधी

पहाटे होडी ढकलायला उभा होतो. पाणी आरशासारखं. वाडीतले म्हातारे तांडेल दात घासत आले, क्षितिजाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “भाऊ, आज जाव नकात. पाणी तेलकट दिसता.” खाली लाट नव्हती, पण लांबून येणारा एक संथ उसासा होता, दर दहा-बारा सेकंदांनी होडीचं नाक उचलून खाली ठेवणारा. लांब कुठं तरी समुद्र हललेला असला की हे असं येतं. संध्याकाळी बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला.

पावसाळा संपला की समुद्र शांत, ही समजूत आमच्या किनाऱ्यानं सोडून द्यावी. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, ऐन मासेमारीच्या हंगामात, आणि कितीतरी घरं उघडी पडली. क्यार २०१९ च्या दिवाळीत आलं. तौक्ते मे २०२१ मध्ये. पावसाळ्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन महिने अरबी समुद्राला वादळाचे आहेत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, मासा कुठं गोळा झाला असेल त्याचे अंदाजही उपग्रहानं पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा पाहून देते. दुसरा भाग बघण्याआधी पहिला बघायची सवय लावून घ्यावी. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर होडीच्या फळीवर रंगानं लिहून ठेवलाय. मोबाइल भिजला तर दुसऱ्याच्या मोबाइलवरून लावायला नंबर आठवला पाहिजे.

कार्तिक

होडीच्या आतल्या फळीवर करवतीनं तीन खाचा मारल्या. पहिली १३५ मिलिमीटरवर, पापलेटासाठी. दुसरी १८० वर, बोंबलासाठी. तिसरी ३७० वर, सुरमईसाठी. २०२३ मध्ये राज्य सरकारनं चोपन्न जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, त्यातल्या या तीन. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. बोंबील आमच्याकडे गरीला येत नाही, पण शेजारचा पोरगा जाळं टाकतो, त्याच्यासाठी तीही खाच मारली.

३७० ही कायद्याची अगदी खालची रेघ आहे. सुरमईच्या पोटात पहिल्यांदा गाभोळी धरते ती याहून बरीच मोठी झाल्यावर. काल ओढत्या गळाला एक लागली, खाचेच्या पुढं चार बोटं. कायद्यानं माझी. बांगड्यासारखी चमकत होती, डोळा एवढा मोठा आणि अंग एवढं लहान की बघून कसंतरी झालं. सोडली. सोडताना हात ओला करायचा. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढं किडतो. गरी खोल गिळली असेल तर ओढाताण न करता तंगूस तोंडाशी कापायचा. सुरमईला पाण्याबाहेर फार वेळ सोसत नाही, फोटो काढत बसलं तर सोडूनही उपयोग नसतो.

केंड

सध्या गरीला केंड फार लागतायत. दात विळीसारखे, तंगूस सटासट तोडतात, जाळ्यांचीही चाळण करतात. वर काढलं की हवा गिळून चेंडूसारखे फुगतात आणि मुलांना गंमत वाटते. खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही.

मार्गशीर्ष

थंडी पडली. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर खारा. होडीवाल्याला वर्षातले हे सगळ्यात सुखाचे दिवस. अंधाऱ्या पंधरवड्यात रात्री वल्हं मारलं की पाणी निळं पेटतं. डोळ्याला न दिसणाऱ्या जिवांचा हा उजेड, पाणी हललं की ते चमकतात. मुठीत पाणी घेऊन बघावं, बोटांच्या फटींतून ठिणग्या गळतात.

कुरव आलेत, हजारांनी. बोटीवरून लोक त्यांना शेव-गाठी टाकतात. हिमालयापलीकडून आलेल्या पाखराला तळलेलं पीठ. ते खातात, कारण फुकट मिळतं. इथं तारली आहे, पेडवे आहेत, त्यांना ते पकडता येतं. टाकू नये.

रात्री क्षितिजावर पांढऱ्या दिव्यांची रांग दिसते. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून मारायला केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ पासून बंदी घातली आहे. ती रांग तरीही दिसते. मी एका गरीनं मोजून चार मासे काढायचे आणि तिथं एका रात्रीत अख्खा थवा उचलायचा, मग माझ्या सोडलेल्या सुरमईला अर्थ काय, असं मुलगी विचारते. तिला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही.

पौष

आज डॉल्फिनांनी दीड तास सोबत केली. हे कुबडवाले डॉल्फिन. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पंख. उघड्या समुद्रात न जाता किनाऱ्याच्या उथळ पाण्यातच राहतात, खाड्यांच्या तोंडाशी. निवती-भोगव्याकडे, तारकर्लीसमोर, वर दापोलीच्या मुरुड-हर्णैला जे दिसतात ते हेच. जगभरात यांची जात धोक्यात धरली आहे. किनाऱ्यालगत राहत असल्यानं आमची जाळी, आमची गटारं, आमची इंजिनं हे सगळं त्यांच्याच वाट्याला येतं.

आठ होते. एक पिल्लू, फिकट राखाडी, आईच्या बगलेला चिकटून. मी इंजिन बंद केलं आणि वल्हीही आत घेतली. शांत झाल्यावर त्यांचा श्वास ऐकू आला. फुस्स असा, ओलसर. पिल्लाचा श्वास आईच्या मागोमाग, बारीक आणि घाईचा. मोठे दोघे बोयांच्या थव्याला उथळाकडे रेटत होते. बोया पाण्याबाहेर उड्या मारत वाळूच्या पट्ट्यापर्यंत आल्या आणि तिथं पाणी एकदम पांढरं झालं.

तेवढ्यात चार पर्यटक होड्या आल्या. एक उजवीकडून, एक डावीकडून, दोन समोरून. डॉल्फिन बुडाले ते बऱ्याच वेळानं लांब निघाले. होड्या तिकडे वळल्या, पुन्हा तेच. बोया सुटल्या. पिल्लू दूध पितं तेव्हा आईला संथ पोहावं लागतं, असं वारंवार पळवल्यावर ते कधी पिणार?

होडीवाली पोरं वाईट नाहीत, त्यांचं पोट यावर आहे. संध्याकाळी त्यांच्याशी बोललो. डॉल्फिनांच्या वाटेत आडवं जायचं नाही, मागून हाकायचं नाही, बाजूनं, निदान पन्नास मीटर ठेवून, त्यांच्याच वेगानं चालायचं. इंजिन एकदम वाढवायचं नाही. एका वेळी दोनच होड्या. असं केलं तर ते पळत नाहीत, आणि पर्यटकालाही जास्त वेळ दिसतात. एका पोरानं मान हलवली. “पण भाऊ, मी थांबलंय नि दुसरो पुढे गेलो तर?” तो म्हणतो तेही खरं आहे. म्हणून सगळ्यांना एकत्र बसवायला हवं. संक्रांतीनंतर देवळात बैठक घ्यायचं ठरलंय.

माघ

कासवीण चढून गेली. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी खूण, पाण्यापासून वर आणि परत. हात-दीड हात खोल खड्डा, शंभराच्या वर अंडी. खबर दिली, वनखात्याचे कासवमित्र आले, अंडी उचलून कुंपणात ठेवली. आता पंचेचाळीस ते साठ दिवस वाट बघायची. वाळू किती तापते त्यावर नर की मादी ते ठरतं, जास्त ऊब लागली तर माद्या.

ऑलिव्ह रिडलेच्या या कामाची सुरुवात आपल्या किनाऱ्यावर वेळासला २००२ मध्ये झाली, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ती केली. त्याआधी घरटं दिसलं की अंडी बाजारात जात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं, नाव ठेवलं प्रथमा. पण मला सगळ्यात ओढ वाटते ती ०३२३३ नंबरच्या मादीची. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर तिच्या पंखाला बिल्ला लावला होता. २७ जानेवारी २०२५ ला ती गुहागरला अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटरचा हिशोब लावतात. पूर्व किनाऱ्यावरच्या कासवांचा आणि आपल्या किनाऱ्यावरच्यांचा संबंध नाही, असं तोवर धरून चाललं होतं. एका पत्र्याच्या बिल्ल्यानं ते मोडलं.

रात्री वाळूवरून गरवणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते मार्च कपाळावरची पांढरी बॅटरी बंद ठेवा, लागलीच तर लाल कागद गुंडाळा. कासवीण वर येताना उजेड दिसला तर अंडी न घालता परत जाते. पिल्लं निघाल्यावर उजेडाकडे चालतात, समुद्र सोडून. वाळूत खोचलेल्या काठ्या आणि ताणलेला तंगूस जाताना काढून न्या.

जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला आणि तो सोडायला जाळं कापावं लागलं तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते, २०१८ च्या डिसेंबरपासून. सोडतानाचे फोटो लागतात. हे वाडीतल्या अर्ध्या लोकांना माहीत नाही, म्हणून इथं लिहिलं आणि उद्या बंदरावरच्या फळ्यावरही लिहीन. जखमी कासव किनाऱ्यावर सापडलं तर ते परत पाण्यात ढकलू नये, वनखात्याच्या १९२६ वर फोन करावा. डहाणूला कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. पंख गेलेली कासवं तिथं जगलेली आहेत.

बरणी

बरणीची गोष्ट कधी वहीत लिहिली नव्हती. चार वर्षांपूर्वी माघातच, सुकतीला होडी कांदळवनाच्या कडेनं नेत होतो. एका तिवराच्या फांदीला पाणकावळा लटकलेला दिसला. आधी वाटलं पंख वाळवतोय. जवळ गेलो तर पंख उघडाच, पण मान खाली. पायाला तंगूस, तोच पंखाभोवती दोनदा, आणि दुसरं टोक फांदीत. सुटायला तो फिरत राहिला असणार, कारण फांदीवरची साल गोल सोलली होती. नुकताच गेला होता, अंग अजून मऊ होतं. चोचीच्या कोपऱ्यात गरी.

तंगूस कापून त्याला खाली घेतलं. पाच शून्याची गरी, निळसर तंगूस, वर लाल मण्याची गाठ. ती गाठ मी मारतो. वडिलांनी शिकवलेली, वाडीत दुसरं कुणी मारत नाही. आठवड्यापूर्वी त्याच कडेला माझी गरी अडकली होती आणि अंधार पडत होता म्हणून मी ओढून तोडली होती.

तेव्हापासून बरणी. स्वतःचे तुकडे, खडपावर दुसऱ्यांचे सापडलेले, कांदळवनात गुंतलेले. गरी अडकली की आता पाण्यात उतरून सोडवतो, नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी सुकतीला परत जातो. मोनोफिलामेंट शेकडो वर्षं कुजत नाही म्हणतात. ही बरणी भरायला चार वर्षं लागली आणि पाणकावळ्याला पुरलं ते जेमतेम दोन हात लांब होतं.

चैत्र

खाडीत काळुंद्र्या जोडीनं फिरतायत. दोघं मिळून अंड्यांची राखण करतात, दगडावर, बुडालेल्या फांदीवर. मग पिल्लांचा ढग आईबापांच्या भोवती. एकाला गरवलं तर दुसऱ्याला ती राखण पेलत नाही, इतर मासे टपलेलेच असतात. जोडी दिसली की मी गरी गुंडाळतो.

वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळ्यांची वीण चालू असेल. गुहेच्या काळोखात थुंकीची घरटी. त्या घरट्यांना परदेशात सोन्याचा भाव, म्हणून पूर्वी चोरी चालायची. होडी घेऊन तिकडे जायचा मोह या महिन्यांत टाळावा.

वैशाख

आठ किलोचा चोणक. माझा आजवरचा सगळ्यात मोठा. पाऊण तास खेळवला, हाताला तंगसानं चिरा पडल्या. काठावर आणल्यावर बघायला सगळी वाडी.

चोणक, म्हणजे अलिबागकडचा जिताडा, जन्मभर एकच राहत नाही. आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठे चोणक बहुतेक सगळ्या माद्या. गोबऱ्याचं उलट, आधी मादी, थोराड झाल्यावर नर. त्यामुळे मोठा मासा म्हणून जो आम्ही उचलतो, तो त्या खाडीच्या पुढच्या पिढीचा अर्धा भाग असतो, चोणकात आईचा आणि गोबऱ्यात बापाचा. पावसाच्या तोंडावर ही आई खाडीच्या मुखाशी उतरते आणि लाखांनी अंडी सोडते.

हे मला माहीत होतं. तरीही तो घरी आणला. तांडेलांनी पोट चिरलं, दोन्ही हातांत मावली नाही एवढी गाभोळी निघाली. बायकोनं ती तळली, सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. मला घास उतरला नाही. वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहून ठेवतो.

ज्येष्ठ

वाळूवर डांबराचे गोळे. बाहेरच्या जहाजांची घाण पावसाआधीचा वारा आत आणून टाकतो. पायाला लागलं तर खोबरेल तेलानं निघतं. २०१५ च्या मेमध्ये याच सिंधुदुर्गाच्या समुद्रात निळा देवमासा पिल्लासह दिसला होता, पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा जीव, याच पाण्यात.

३१ मेच्या आधी होडी वर ओढली. बारा माणसं लागली. उलटी करून झापांनी शाकारली.

मृग

पहिला मोठा पाऊस झाला आणि रात्री शेतांत बॅटऱ्याच बॅटऱ्या. वलगण. ओहोळानं चढणारे मासे अंड्यांनी फुटलेले, हातानं धरता येतात. लहानपणी मीही टोपली घेऊन जायचो, तो आनंद मी नाकारणार नाही. पण तेव्हा वाडीतली दहा पोरं असायची, आता गाड्या भरून लोक येतात, ओहोळाच्या तोंडाला आडवं जाळं बांधतात. एकही चढू देत नाहीत. यंदा मुलीनं शाळेतल्या चौघींना घेऊन दोन ओहोळांवर जाळं बांधू दिलं नाही. कुणाशी भांडल्या नाहीत, नुसत्या छत्र्या घेऊन बांधावर उभ्या राहिल्या.

आषाढ

वाळूवर एक पांढरा मोठा पक्षी बसलेला. चेहरा काळपट, चोच पिवळट. बूबी. उघड्या समुद्रावरचं पाखरू, वादळी वाऱ्यानं किनाऱ्यावर आपटतं. उडून थकलेलं असतं. लोक प्रेमानं त्याला पाण्यात सोडायला जातात आणि ते बुडतं. खोक्यात फडकं घालून अंधारात ठेवलं, खायला काही कोंबलं नाही, वनखात्याला फोन केला. रात्रभर खोक्यातून नखांचा आवाज येत होता.

आषाढ अमावास्येच्या आधी

नदीला लाल पूर. संध्याकाळी छत्री घेऊन खाडीच्या तोंडावर जाऊन उभा राहिलो. तांडेल आधीच आले होते. लाल पाणी आणि हिरवं पाणी जिथं भिडतं त्या रेघेवर मोठं काहीतरी उसळलं, आडवं पडलं. पुन्हा एकदा. रुंद पाठ, चांदीचा खवला.

“चोणक,” तांडेल म्हणाले.

डबा माळ्यावर होता. आम्ही काळोख पडेपर्यंत उभे राहिलो.